वरचा ओठ, डावी बाजू

कुडाळजवळच्या एका गावात आठ महिन्यांची एक मुलगी आहे. तिच्या वरच्या ओठावर आणि गालावर लाल डाग आहे. तिची आई म्हणजे माझ्या आईच्या मावसबहिणीची सून. तिने आईकडे माझ्यासाठी काही प्रश्न पाठवले. ऑपरेशन कधी करतात, दुखतं का, रक्त किती जातं, नंतर नीट बोलता येतं का. फोनवर बोलशील का, असंही विचारलं होतं. मला फोनवर बोलायला आवडत नाही, स्वतःबद्दल तर नाहीच. म्हणून लिहिते.

मी ओमानमध्ये वाढले, इंग्रजी माध्यमात शिकले. हे इंग्रजीत लवकर लिहून झालं असतं, पण ज्या घरात ते वाचलं जायला हवं तिथे पोचलं नसतं. मराठी लिहायची मला सवय नाही. चुका आईने पेन्सिलने सुधारल्या आहेत.

मी डॉक्टर नाही. माझं जे झालं तेवढंच सांगते. तुमच्या मुलीचं वेगळं असू शकेल.

डाग

जन्मापासून माझ्या वरच्या ओठाच्या डाव्या बाजूवर, नाकाच्या कडेला आणि थोडा गालावर गडद लाल डाग होता. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या असाव्यात त्यापेक्षा रुंद असतात आणि वयाबरोबर आणखी रुंद होत जातात. लहानपणी तो नुसता रंग होता. सुट्टीत भारतात गेलो की मुंबईला लेझर करून घ्यायचो, असं चार वेळा केलं. गाल फिका झाला. ओठ ऐकेना.

सहावी-सातवीत ओठ जाड व्हायला लागला. बाविसाव्या वर्षी डावी बाजू उजवीच्या जवळजवळ तिप्पट होती आणि खालच्या ओठावर उतरली होती. तोंड आपोआप मिटत नसे, मिटवावं लागे. पाणी पिताना कोपऱ्यातून ओघळ यायचा. प, ब, म म्हणताना हवा निसटायची. 'बाबा' म्हणायला मला जोर लावावा लागे, म्हणून मी त्यांना हाक न मारता जवळ जाऊन उभी राहायचे.

आम्ही आधी मस्कतमध्ये वादी कबीरला राहत होतो. तिथल्या स्कूल बसमध्ये मला केचप म्हणत. मी सातवीत असताना बाबांना सोहारच्या ॲल्युमिनिअमच्या कारखान्यात मेंटेनन्सचं काम मिळालं आणि आम्ही तिकडे गेलो. तिथे कोणी काही म्हणत नसे. फक्त नवीन माणसाची नजर कशी जाते ते मला पाठ झालं होतं: आधी ओठ, मग डोळे, मग भिंत.

शिक्षण झाल्यावर मी एका शाळेच्या लायब्ररीत लागले. पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घालायची, शिक्के मारायचे, कपाटं लावायची. बोलायचं काम कमी. पहिलीतली मुलं सरळ विचारायची की मिस, तुमच्या तोंडाला काय झालंय. त्यांचा मला त्रास होत नसे. उत्तर मिळालं की ती डायनोसॉरच्या पुस्तकाकडे वळायची.

आई रोज झोपण्यापूर्वी माझ्या ओठाला तूप लावायची. मी नोकरी करायला लागले तरी लावायची.  मला वाटायचं, सवय आहे.

पहिली भेट

मस्कतच्या एका हॉस्पिटलमध्ये प्लास्टिक सर्जन आहेत आणि ते अशा केसेस करतात, हे बाबांना कारखान्यातल्या कोणीतरी सांगितलं. सोहारहून मस्कत गाडीने अडीच तास. वाटेत खाबुऱ्याला आम्ही नेहमी थांबतो. तिथे युसूफचाचांचं दुकान आहे. ते रत्नागिरीचे. बाबा पहिल्यांदा ओमानला आले तेव्हा दोघं एका खोलीत राहत होते. चाचांच्या घरी जेवण झालं की बाबा सोलकढीचे तीन ग्लास पितात, कारण आमच्या घरी सोलकढी होत नसे. मालवणी घर आणि सोलकढी नाही, यावरून चाचा कायम चिडवायचे. आई म्हणायची, मला कोकमाने पित्त होतं.

"कोकमानं पित्त उतरतं, वहिनी," चाचा म्हणायचे. "तुमचं पित्तच उलटं."

सर्जन केरळचे होते, शांत, हळू बोलणारे. माझ्याशी ते इंग्रजीत बोलले. ओठ बोटांनी दाबून पाहिला, सोडला, रक्त परत कसं भरतं ते पाहिलं. एमआरआय करायला सांगितला आणि डोळेही तपासून घ्यायला सांगितले, कारण अशा डागाबरोबर कधीकधी डोळ्यातला दाबही वाढलेला असतो. मग कागदावर ओठाचं चित्र काढून समजावलं. आतल्या बाजूने पट्टी कापून काढायची, म्हणजे टाके बाहेरून दिसणार नाहीत. दोन्ही बाजू अगदी सारख्या होणार नाहीत. रंग राहील. कदाचित दुसऱ्यांदा थोडं करावं लागेल. रक्त जाईल, म्हणून दोन पिशव्या तयार ठेवायच्या. आणि ऑपरेशन न करता थांबलं तर ओठ वाढत राहील, कुठेही लागलं की जास्त रक्त जाईल.

मी एकच प्रश्न विचारला, हे का होतं. त्यावर ते दोन-तीन मिनिटं बोलले.

आई शेजारी बसली होती. ती सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. डॉक्टर बोलत असताना ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हटलं, "ऑपरेशन करता येईल."

"आणखी?"

"काही नाही."

मला बोलायचा कंटाळा होता. एवढंच कारण. लहानपणापासून डॉक्टर, शाळा, सरकारी काउंटर अशा सगळ्या ठिकाणी इंग्रजी मला कळायचं आणि मी आईला त्यातलं एखादं वाक्य काढून द्यायचे. ती उरलेलं मागायची नाही.

गेलेली तारीख

ऑपरेशनची तारीख मिळाली. मी शाळेत रजा टाकली. आठवडाभर आधी हॉस्पिटलला फोन करून उपाशी किती तास राहायचं ते विचारायचं ठरवलं. फोन करायला मला तयारी लागते. वाक्य लिहून काढलं, त्यातले प आणि ब असलेले शब्द बदलले, दोन वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं.

पलीकडच्या मुलीने फाइल नंबर घेतला आणि हिंदीत विचारलं, ताप उतरला का?

मला ताप आला नव्हता. ती म्हणाली, तुमच्या मदरनी चार दिवसांपूर्वी फोन करून ताप-खोकला आहे म्हणून सांगितलं, तारीख रद्द करून दुसऱ्या पेशंटला दिली आहे. आता सर्जन सुट्टीवर जात आहेत. पुढची तारीख नऊ आठवड्यांनी.

मी थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला.

आई किचनमध्ये होती. मी विचारलं, का केलंस. ती गॅसकडे पाहत म्हणाली, "त्या दिवशी नको होतं."

बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. आमच्याकडे दरवर्षी डिसेंबरमध्ये कोणीतरी भारतातून मराठी कॅलेंडर आणतं. माझ्या तारखेच्या चौकोनात छापलं होतं: चंद्रग्रहण. शेजारी आईने पेन्सिलने वेळ लिहिली होती, छापलेल्या वेळेतून दीड तास वजा करून. तेवढाच भारतात आणि इथे फरक आहे. आमच्या घरातल्या प्रत्येक कॅलेंडरवर ग्रहणाशेजारी अशी पेन्सिलची वेळ असते. मी ती कायम पाहत आले होते आणि कधी विचार केला नव्हता.

"ऑपरेशन सकाळी," बाबा म्हणाले. "गिराण रात्री. काय संबंध?"

"तोच दिवस ना तो," आई म्हणाली.

बाबा मोठ्याने बोलणारे नाहीत. ते कॅलेंडरचं पान उगीच सरळ करत राहिले. मी खोलीत गेले. त्यानंतर बरेच दिवस आईशी मी कामापुरतंच बोलले. मीठ दे, शाळेला जाते, आले. तूपही स्वतःच लावायला लागले. माझी आई अंधश्रद्ध आहे आणि तिच्या अंधश्रद्धेपायी माझे नऊ आठवडे गेले, असं मी मनात ठरवून टाकलं. ते सोपं होतं.

चाळीस मिनिटं

त्या नऊ आठवड्यांतली एक दुपार सांगायला हवी, कारण तुम्ही विचारलं आहे की रक्त किती जातं.

मी टोस्ट खात होते. टोस्टची कड ओठाच्या आतल्या बाजूला लागली. दुखलं नाही. पण ताटात थेंब पडायला लागले, मग धार. अशा वेळी काय करायचं ते मला माहीत होतं: स्वच्छ कापड, बर्फ, दाबून धरायचं आणि सारखं उघडून बघायचं नाही. पण हात निसटत होते. आईने मला खुर्चीवर बसवलं, माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि दोन बोटांत ओठ पकडला, आत एक आणि बाहेर एक. चाळीस मिनिटं. मी समोरच्या घड्याळात मोजली. तिची बोटं ओठावर अजिबात हलली नाहीत. 



रक्त थांबल्यावर तिने बोटं धुतली आणि म्हणाली, "आता जी तारीख मिळेल ती. मी मध्ये येणार नाही."

रक्त देणारे

हॉस्पिटलने सांगितलं होतं की दोन पिशव्यांच्या बदल्यात कोणी रक्त देणारे आणले तर बरं. बाबांनी कारखान्यात सांगितलं. सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी दोन गाड्या भरून माणसं मस्कतला निघाली. चिपळूणचे वेल्डर, देवगडचे इलेक्ट्रिशियन, एक साताऱ्याचे क्रेन चालवणारे. यातल्या बहुतेकांशी मी आयुष्यात चार वाक्यंही बोलले नव्हते. गणपतीला भेटायचे, मी प्रसाद द्यायचे, संपलं. युसूफचाचा खाबुऱ्याहून गाडीत चढले.

रक्तपेढीच्या बाहेर बाकावर सगळे एका रांगेत बसले, कोपराच्या आत कापूस दाबून, हातात ज्यूसची डबी. चाचा बाबांना म्हणाले, "माझं रक्त जर हिला चढवलं ना, तर उद्यापासून पोरगी बाजारात उभी राहून सुरमईचा भाव करील. मग मला सांगू नका, आमची मुलगी बोलत नव्हती म्हणून."

सगळे हसले. मीही हसले, हात तोंडावर धरून. साताऱ्याचे काका म्हणाले, "आता ती हात धरायची सवय मोडायला लागंल बघ."

वॉर्ड

आदल्या दिवशी फोटो काढले. समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून, तोंड उघडून, हसून. मी फोटो टाळणारी. रेसिडेंट कार्डासाठी काढावा लागे तेवढाच माझा फोटो. तरुण डॉक्टरीण म्हणाली, हसा. मी म्हटलं, हे हसणंच आहे. तिने काढला.

भीती कशाची वाटत होती, ते सांगते. मरायची नाही. ऑपरेशन होईल, सगळे एवढे कष्ट घेतील, आणि मी आरशात पाहीन तेव्हा मला ती बाई आवडणार नाही, याची. आजवर जे काही बिघडलं ते ओठामुळे, असं मला म्हणता येत होतं. ते निमित्त ते लोक कापून नेणार होते.

सकाळी स्ट्रेचरवरून नेताना बाबांनी माझ्या पायावरची चादर नीट केली. आई दोन पावलं मागे होती. तिने कॅलेंडरचं नाव काढलं नव्हतं. दारापाशी मात्र तिने माझ्या ओठाकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नाही.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. घशात खवखव, कारण श्वासाची नळी नाकातून घातली होती. ओठ बधिर आणि प्रचंड. एक पिशवी रक्त चढवावं लागलं. कोणाचं होतं, माहीत नाही. दुखणं मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी होतं. ताण जास्त होता, आतून कोणीतरी शिवण ओढून धरल्यासारखा.

मरियम नावाची ओमानी नर्स होती. तिला हिंदी चांगलं यायचं. पहिल्यांदा उठून बाथरूमला जायची वेळ आली तेव्हा ती माझ्या आधी आत गेली, आणि मी गेले तर आरशावर टॉवेल टांगलेला होता.  तिसऱ्या दिवशी मी बोटाने आरसा दाखवला तेव्हा म्हणाली, "अभी जो दिखेगा वो तुम नहीं हो, वो सूजन है. ठीक?" आणि टॉवेल काढला.

खरंच ती सूज होती. ओठ आधीपेक्षा मोठा, काळा-निळा. आधी कोणी सांगितलं नसतं तर मी घाबरले असते. म्हणून तुम्हाला सांगते: पहिले दहा दिवस ओठ आधीपेक्षा वाईट दिसतो. मुलीला आरसा उशिरा द्या.

बाकी उपयोगाच्या गोष्टी. स्ट्रॉ चालत नाही, ओढल्याने टाक्यांवर ताण येतो. सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आत हळू सोडायचं. गार केलेली पेज, ताक, पातळ वरण. उशा रचून अर्धवट बसून झोपायचं. आठवडाभर बोलायचं नाही, हसायचं नाही. जांभई आली तर हनुवटीला हात द्यायचा. टाके आपोआप विरघळतात. ओठात मुंग्या येणं आणि बधिरपणा कित्येक महिने राहतो.

बोलायचं नाही, हे मला सोपं जाईल असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

वही

चौथ्या दिवशी आम्ही सोहारला घरी आलो. बाबा कामावर जायला लागले. दिवसभर आई आणि मी. मला काही हवं असलं तर मी वहीत लिहायचे. माझं मराठी अक्षर तिसरीतल्या मुलासारखं, आणि आई एकेक अक्षर बोटाने वाचायची. पाणी. बर्फ. खिडकी.

एका दुपारी तिने मला सिरिंजने ताक दिलं, तोंड पुसलं, आणि समोर बसून राहिली. माझ्याशी ती कायम शाळेतल्यासारखं मराठी बोलते, बाबांशी मालवणीत. त्या दिवशी ती माझ्याशी मालवणीत बोलली.

"ह्यां माझ्याच हातान झाला," ती म्हणाली.



तिने सांगितलं ते असं. माझ्या वेळी ती गरोदर होती आणि वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये एकटी असायची. बाबा वर्कशॉपमध्ये. सासूने पत्रातून बजावलं होतं की अमक्या दिवशी चंद्रग्रहण आहे, तेवढा वेळ काही कापू नकोस, खाऊ नकोस, अंगाला हात लावू नकोस, एका जागी बसून राहा. आईने कॅलेंडर पाहिलं. ग्रहण साडेआठला लागत होतं. तिने हॉलमधल्या घड्याळात साडेआठ वाजायच्या आत सगळं उरकायचं ठरवलं. साडेसातला ती सोलकढी करत होती. गावाहून आलेली कोकम आगळाची, म्हणजे घट्ट लाल रसाची, बाटली उघडताना बोटांवर सांडलं. चव बघायला तिने बोट तोंडात घातलं, आणि ओठाला लागलं ते हाताने पुसलं. वरचा ओठ, डावी बाजू.

आठला बाबा घरी आले आणि सहज म्हणाले, बसमधून बघितला, चंद्र अर्धो खाल्लेलो हा.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. कॅलेंडर भारतातलं होतं. तिथले साडेआठ म्हणजे इथले सात. ज्या वेळी बसायचं होतं त्या वेळी ती आगळात हात घालून उभी होती.

मी जन्मले तेव्हा नर्सने मला तिच्याकडे दिलं. तिने रंग पाहिला आणि ओळखला. तिने कोणाला सांगितलं नाही. बाबांनाही नाही. सासूने विचारलं तेव्हा ती म्हणाली, मी बसून होते.

बावीस वर्षं. ते तूप. घरात न आलेलं कोकम. पेन्सिलच्या वेळा. माझ्या तारखेला तोच चंद्र आला तेव्हा तिने काय करायला हवं होतं, असं ती मला विचारत नव्हती. ती फक्त सांगत होती.

मी वही घेतली. लिहिलं: कितवा महिना होता?

तिने बोटाने वाचलं. "सातवो."

मग मला आठवलं की हे उत्तर माझ्याकडे आहे. पहिल्या भेटीपासून आहे. सर्जन जी दोन-तीन मिनिटं बोलले होते ती हीच होती. मी लिहायला बसले. एक पान लागलं, कारण अर्धे शब्द मला मराठीत माहीत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते की गर्भ अगदी लहान असतो तेव्हाच, पहिल्या काही आठवड्यांत, त्या जागेच्या रक्तवाहिन्यांत एक बारीक बदल होतो. कोणाच्या करण्या-न करण्याने नाही. ते म्हणाले होते, तुमच्या आईला तेव्हा तुम्ही आहात हेही बहुधा माहीत नसेल.

खाली मी लिहिलं: सातव्या महिन्यात माझा डाग तयार होता. तू तो पाहिला नव्हतास एवढंच.

आईला ते पान वाचायला बराच वेळ लागला. शेवटापर्यंत आली आणि पुन्हा वर गेली. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. तिने विचारलं, "ह्यां त्या दिवशी बोलले? माझ्यासमोर?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मी तुका विचारलंय, आणखी काय म्हणाले."

मी पेनला टोपण लावलं.  

ती उठली, फ्रीजमधून बर्फ आणला, कापडात गुंडाळला आणि माझ्या ओठाला लावला. ते पान तिने वहीतून फाडून घेतलं. पुढे मला ते कपाटात, पासपोर्टांच्या पाकिटात दिसलं.

नंतर

सूज उतरायला दोन महिने गेले. डावी बाजू अजून उजवीपेक्षा किंचित जाड आहे, रंग तोच आहे. दुसऱ्यांदा करायचं का, ते सर्जननी माझ्यावर सोडलं आहे. मी सध्या नाही म्हटलं. तोंड मिटतं, प, ब, म नीट म्हणता येतात. मी पुस्तक वाचत असते आणि ते मिटलेलं असतं, मला न सांगता. लोकांची नजर अजून आधी ओठावर जाते, पण भिंतीवर जात नाही. हात तोंडावर धरायची सवय पूर्ण मोडलेली नाही. लायब्ररीत एका मुलाने विचारलं, मिस, तुम्ही अर्धा ओठ कुठे ठेवला? मी म्हटलं, मस्कतला. त्याला ते पटलं.

एका शुक्रवारी युसूफचाचा जेवायला येणार होते. मी किचनमध्ये गेले तर ओट्यावर आगळाची बाटली होती. कोणाकडून मागवली, मी विचारलं नाही. आईने नारळाचं दूध काढलं, लसूण-मिरची ठेचून घातली, आणि आगळ ओतताना बाटली दोन्ही हातांनी धरली. जेवताना तिने सगळ्यांसमोर ग्लास ठेवले. बाबांनी ग्लासाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि तो पिऊन टाकला. चाचा म्हणाले, "वहिनी, पित्त सुलट झालं वाटतं."

आई म्हणाली, "हो. डॉक्टरांनी सांगितलं."

मी स्टीलच्या ग्लासाला ओठ लावले. बाहेर थेंब आला नाही. वरच्या ओठाला थोडा रंग लागला असावा, कारण आईचा हात पुसायला पुढे आला आणि मध्येच थांबला. मग ती पुढे झुकली आणि तिने अंगठ्याने पुसला.

तुम्ही न विचारलेलं

तुमच्या प्रश्नांची उत्तरं वर आली आहेत. ऑपरेशन कधी, ते तुमचे डॉक्टर सांगतील. मूल लहान असताना लेझरचं विचारून घ्या, थांबू नका. डॉक्टर जे सांगतील ते सगळं समजून घ्या, आणि बरोबर कोणी इंग्रजी येणारं असेल तर त्याला प्रत्येक वाक्य सांगायला लावा.

एक प्रश्न तुमच्या यादीत नव्हता. आई म्हणाली, तो ती विचारणार नाही, तू उत्तर दे. मी ते सुरुवातीलाच लिहावं असं तिचं म्हणणं होतं. मला आधी बाकीचं सांगावं लागलं. घाई असेल तर एवढंच वाचा.

तुमच्या मुलीचा डाग तुम्हाला दिवस गेल्याचं कळलं त्या सुमारासच, कदाचित त्याच्याही आधी ठरून गेला होता. त्यानंतर तुम्ही काय कापलंत, काय खाल्लंत, कुठे हात लावलात, कुठल्या वेळी उठलात, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

आई म्हणते, हे मनात वाचू नको म्हणावं. सासूबाई घरात असताना मोठ्याने वाच म्हणावं.